बोयीच्या पोटातली वाळू

१

कार्डावर लिहिलं होतं, की काल खाडीवर तासाभरात सात बोयी गळाला लागल्या. आणि ते ऐकता ऐकता विनोदिनीबाईंच्या हातातला चहा गार झाला.

बाई खासबागेत एकट्या राहत. बेळगावच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. दुसऱ्याच्या चुकीखाली लाल रेघ मारायची खोड मात्र निवृत्त झाली नव्हती. वाण्याच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत त्यांच्या तावडीतून काही सुटत नसे. पण आजच्या कार्डावर रेघ मारून भागणार नव्हतं.

"पुन्हा वाच," त्या समोरच्या मुलीला म्हणाल्या.

दिव्या निपाणीची, बेळगावात कॉलेजला होती. तिनं साधं पोस्टकार्ड डोळ्यांसमोर धरलं. अक्षरं मोठी, सुटी सुटी, पहिलीच्या पुस्तकातल्यासारखी. "'आई, मी बरा आहे. काल खाडीवर बसलो होतो. गांडूळ अर्धं ओवलं, शेपूट वळवळतं सोडलं. तासाभरात सात बोयी लागल्या. लई मज्जा आली. तुझा अतुल.' मॅडम, आजीनं चार दिवस झाले, हे कार्ड उशाखालनं काढलं नाही. आज म्हणाली, बेळगावच्या बाईंना दाखव. आणि अप्पांना सांगू नको."

अप्पा म्हणजे दिव्याचे वडील, पद्मराज. निपाणीत तंबाखूची वखार असलेलं जुनं जैन घराणं. अतुल त्यांचा धाकटा भाऊ, त्यांना 'अण्णा' म्हणणारा, आणि बाईंचा विद्यार्थी. तोही साधासुधा नव्हे. बाईंना मूलबाळ नव्हतं, आणि कुणी विचारलं तर त्या 'हजारो आहेत' म्हणून हसत. पण त्या हजारांत एकाच्याच सायकलची घंटा त्यांना ओळखू येई.

बोय हा खाडीतला रुपेरी मासा काय खातो, हा अतुलचा संशोधनाचा विषय. बाईंनी आधी सुरमई सुचवली होती. त्यानं मान हलवली आणि बोय मागितली. का, ते सांगितलं नाही. मग वर्षभर कारवारच्या बाजारातून बर्फात येणाऱ्या तीनशेवर बोयींची पोटं त्यानं उघडून पाहिली. घरी कळलं तेव्हा पद्मराज कॉलेजात आले आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "आमच्या घरात कांदा चिरत न्हाईत. तुमी पोराच्या हातात सुरी दिलासा." भावाभावांत कडाक्याचं भांडण झालं आणि अतुल कारवारकडं निघून गेला. त्याला सहा वर्षं झाली. त्यानं बाईंना एक ओळही लिहिली नाही. बाईंनी त्याबद्दल कुणाकडं तक्रार केली नाही, पण पोस्टमन फाटकाशी थांबला की त्यांचं लक्ष अजून तिकडं जाई.

त्यांनी कार्ड हातात घेतलं. पोस्टाचा शिक्का म्हणजे नेहमीप्रमाणे शाईचा डाग.

"दिव्या, हे अतुलनं लिहिलेलं नाही."

"मग कुणी?"

बाईंच्या मनात दुसराच प्रश्न होता, आणि तो मुलीसमोर उच्चारायला त्यांची जीभ रेटेना. अतुलच्या नावानं दुसरं कुणी लिहीत असेल, तर अतुल कुठं होता?

२

दुसऱ्या दिवशी निपाणीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या एका साठीच्या माणसानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"मी भरमू. वखारीची जीप चालवतो. पिशवीवर खासबागच्या वाचनालयाचं नाव दिसलं, म्हटलं ह्याच बाई."

भरमू मूळचा खानापूर तालुक्यातल्या गुंजीचा. चाळीस वर्षं ह्या घरात. त्याच्या अंगठ्यावर जुना वाकडा व्रण होता. बाई बघतायत हे पाहून तो लाजून हसला. "ल्हानपणी गळ घुसलेला. आमच्या गावच्या नदीला लई मरळ. दिवस दिवस बसून ऱ्हायचो बघा. ह्या घरात आलो आन् सोडलं. ज्याचं मीठ खायाचं, त्येचं पाळायचं."

"आठवण येते?"

"नदीची व्हय? येती की," तो म्हणाला आणि गिअर टाकला.

दिव्याची आजी लक्ष्मीबाई, भरमूच्या 'आक्का', माजघरात खाटेवर बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, कानांनी पार साथ सोडलेली, नजर मात्र मोठं अक्षर वाचण्यापुरती शाबूत. फोनचा उपयोग नव्हता, म्हणून तर लेक कार्डं पाठवी. खाटेशेजारी शाळेची पाटी आणि खडू ठेवलेला. घरातल्या माणसांना त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहावं लागे, मोठं आणि सुटं. दिव्यानं पाटीवर 'बाई आल्या' असं लिहिलं आणि बाई चमकल्या. कार्डावरचंच अक्षर! मग पाटीच्या मागं पद्मराजांनी सकाळी लिहिलेली ओळ होती, तीही तशीच. एका म्हातारीच्या डोळ्यांसाठी अख्ख्या घराचं अक्षर एक झालं होतं. अक्षरावरून चोर पकडायची वाट तिथंच बंद झाली.

भरमूनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. म्हातारीनं दोन बोटं हलवली, त्यानं मान डोलवली आणि जाऊन खिडकी लावून आला. त्या दोघांना पाटी लागत नव्हती.

"बाई," लक्ष्मीबाई बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "माझं पोर मासं कापत हुतं, ते मेल्यालं. जाताना माझ्या पायावर हात ठिवून म्हणालं, आई, जित्या जिवाला हात लावणार न्हाय. आन् आता सात जीव मारलं म्हणून मज्जा लिवतंय? एक तर हे कार्ड त्येचं न्हवं, न्हाईतर तो माझा ऱ्हायला न्हाय. दोनीतलं काय ते सांगा. मी वाट बघू का नगो, तेवढंच मला पायजे."

बाईंनी खडू उचलला. त्यांनी लिहिलं, 'सांगते.' एवढा छोटा शब्द लिहायला त्यांना एवढा वेळ कधी लागला नव्हता.

३

एकेचाळीस कार्डं होती. बाईंनी ती खाटेवर तारखेनं मांडली आणि परीक्षेचे पेपर तपासावेत तशी एकेक हातात घेतली.

पहिली तीस कार्डं अतुलची, यात शंका नव्हती. 'आई, आज बाजारात मेलेल्या बारा बोयी मिळाल्या. हिचं पोट कोंबडीच्या पोटासारखं जाड असतं. चिखल खाते आणि वाळूनं दळते. जातंच म्हण.' दुसऱ्यात आईच्या गुडघ्याची चौकशी. आणि सतराव्या कार्डाच्या तळाशी, जागा संपत आली म्हणून दाटीवाटीनं लिहिलेली ओळ: 'विनोदिनी मॅडम भेटल्या तर सांग, बोयीच्या पोटात अजून वाळूच निघते. त्यांना लिहायला तोंड नाही. अण्णा माझ्यामुळं त्यांना नको ते बोलला.'

बाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. चार वर्षांपूर्वीचा निरोप, पंचाहत्तर किलोमीटरवर पडून होता! त्या उगीचच दाराकडं बघत बसल्या. पोरानं रुसवा धरला नव्हता, लाज धरली होती; आणि आपण इथं मान वळवून बसलो, ह्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

गेल्या वर्षाच्या आधीच्या दिवाळीनंतर मात्र सूर बदलला होता. पुढच्या अकरा कार्डांत नारळ होते, भरती होती, 'मी बरा आहे' होतं. बोय नव्हती, पोट नव्हतं, आईचा गुडघा नव्हता. आणि मग एकदम सात बोयी आणि गांडूळ.

"कुणाला इचारून ही कार्डं काढलीसा?"

दारात पद्मराज उभे होते. पन्नाशीचे, पांढरा सदरा, ताठ मान. दिव्यानं पाटी छातीशी धरली.

"तुमच्या आईंना विचारून," बाई म्हणाल्या. "अतुलला शेवटचं कधी भेटलात?"

"ह्या घरात त्येचं नाव घेत न्हाईत."

"मग पत्ता तरी?"

"मला म्हाईत न्हाय आन् नगो. या, वखारीत बसून बोलू. आईपुढं नगो."

आईला ऐकू येत नाही हे रागाच्या भरात त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं. वखारीतल्या टेबलाशी त्यांनी चष्म्यासाठी खण ओढला, आणि बाईंना खणात पोस्टकार्डांचा गठ्ठा दिसला. वरच्या कार्डावर मोठ्या, सुट्या अक्षरांत 'अतुल' एवढंच लिहिलेलं होतं. पद्मराजांनी खण इतक्या झटक्यानं लावला, की बोट चेमटता चेमटता वाचलं.

४

चोर सापडल्यासारखं वाटतं तेव्हाच पेपर पुन्हा तपासावा, असं बाई मुलांना सांगत. म्हणून त्या बेळगावला परतल्या आणि सकाळी मासळी बाजारात गेल्या.

आदर्श हा अतुलचा वर्गमित्र, कारवारचा. सुट्टीत निपाणीच्या घरी राहिलेला, त्यामुळं पाटीवरचं अक्षर त्यालाही यायचं. पदवी घेऊन त्यानं शेवटी मासळीचाच ठेला घातला होता. बाईंना बघून त्यानं बसायला रिकामा खोका पुसून दिला.

"अतुल? दोन वर्षं होत आली, मॅडम. दसऱ्याला भेटलो, मग फोन बंद. मला वाटलं, मी संशोधन सोडून मासे विकतो म्हणून साहेब नाराज." तो हसला, पण हसणं फार टिकलं नाही. "खरं सांगू? मी पण जाऊन बघितलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ."

बाईंनी कार्ड पुढं केलं. त्यानं वाचलं आणि भुवया उंचावल्या. मग ठेल्यावरची एक बोय उचलून तिचं पोट उघडलं. आत अंजिराएवढा कडक गोळा होता. तो चिरल्यावर बोटांवर राखाडी चिखल आला आणि वाळूची कचकच.

"ही तळाचा चिखल चाखत हिंडणारी बाई, मॅडम. जाळ्यात येते. पिठाच्या गोळीला एखादी भुलते कधी. पण गांडुळाला? आणि खाऱ्या पाण्यात गांडूळ तग तरी धरेल काय? तासात सात म्हणे! हे कारवारातल्या शेंबड्या पोरानंही लिहिलं नसतं."

बाई त्याच्या बोटांवरच्या वाळूकडं बघत राहिल्या. कार्डातलं एक वाक्य मात्र तितकंच खरं होतं. गांडूळ अर्धं ओवायचं, शेपूट वळवळतं सोडायचं. हे पुस्तकात वाचून कुणी लिहीत नाही. हे हाताला ठाऊक असावं लागतं.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. दिव्या होती. "मॅडम, आजीनं सकाळपासनं पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणते, बाईंचं उत्तर येऊ दे. भरमूकाकांना जीप घेऊन पाठवलंय."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "मला त्यांच्याशीच बोलायचं होतं."

५

संकेश्वर मागं पडलं. तवंदी घाट लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "भरमू, जरा बाजूला घ्या."

जीप थांबली. खाली निपाणीकडची शेतं दुपारच्या उन्हात पसरली होती.

"मी मास्तरीण. उत्तर कसं काढलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही," बाईंनी सुरुवात केली. "त्या घरात कुणी आयुष्यात गांडूळ गळाला ओवलेलं नाही. पद्मराज नाहीत, दिव्या नाही. तिनं फोनवर शोधून लिहिलं असतं, तर बोय काय खाते तेही तिथंच सापडलं असतं. आदर्शला गळ ठाऊक आणि बोयही ठाऊक, तो चुकणार नाही. म्हणजे लिहिणाऱ्याला गळ टाकणं हातचा मळ, पण समुद्राची ओळख नाही. तो नदीवर वाढलेला. लक्ष्मीबाईंशी बोलायला तुम्हाला पाटी लागत नाही, म्हणून वाटलं, तुम्हाला अक्षर येत नसेल. पण माझ्या पिशवीवरचं नाव तुम्ही लांबून वाचलंत."

भरमूनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "चौथीपातुर गेलतो," तो म्हणाला. "आक्का दर दिवाळीला माझ्याकडनं कारवारला फराळ पाठवायच्या. गुपचूप. अप्पांस्नी पत्त्या न्हाय. त्या साली गेलो, तर पोर तापानं फणफणल्यालं. दवाखान्यात नेलं. चार दिवस उशाला बसून हुतो बाई. शुद्धीत यायचा तवा म्हणायचा, अण्णाला सांगू नगो, आईला सांगू नगो, मी बरा झालो की दोघं मिळून जाऊ. पाचव्या दिवशी गेला. अग्नी मीच दिला. कोण हुतं दुसरं?"

सायकलची घंटा कुठंतरी वाजल्यासारखी झाली, आणि ती आता कधीच वाजणार नव्हती. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडाशी धरला.

"परत आलो तर आक्का दारात," तो पुढं म्हणाला. "हातानं इचारलं, बरा हाय? आन् माझा हात आपसूक वर गेला. बरा. एकदा हात वर गेला, मग खाली कसा घ्यायचा? मग गावाला गेलो की पुढं लोंढ्याला जाऊन पेटीत कार्ड टाकायचो. पण लिवायचं काय? समुद्र मी बघितला त्यो तेवढाच, चार-दोन येळा. नारळ लिवून झालं, भरती लिवून झाली. त्येला कायतरी आनंद द्यावा वाटला बाई. माझ्याकडं एकच हुता. त्यो दिला."

नदी, गळ, आणि चाळीस वर्षं मनात ठेवलेली मज्जा. बाईंनी जन्मभर चुका शोधल्या होत्या. इतकी प्रेमानं केलेली चूक त्यांना कधी तपासावी लागली नव्हती.

"आता मी सांगू त्यांना?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," भरमूनं जीप सुरू केली. "माझा हात वर गेलता. मीच खाली घेतो."

६

माजघरात सगळे जमले होते. लक्ष्मीबाईंनी बाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि मग भरमूच्या. नेहमीप्रमाणे त्यांनी हात हलवून विचारलं. भरमूनं हातानं उत्तर दिलं नाही. तो खाली बसला, पाटी मांडीवर घेतली आणि लिहू लागला.

पाटी भरली की तो म्हातारीपुढं धरी. त्या ओठ हलवत वाचत. मग तो बाहीनं पुसे आणि पुन्हा लिही. ताप. दवाखाना. चार दिवस. 'आई'. अग्नी. पाच वेळा पाटी भरली आणि पाच वेळा पुसली. तिसऱ्या पाटीला पद्मराज भिंतीशी खाली बसले.

लक्ष्मीबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्येच्या उशाला तू हुतास?"

भरमूनं मान डोलवली.

"मग एकटा न्हवता," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या.

पद्मराज उठून वखारीत गेले आणि गठ्ठा घेऊन आले. सहा वर्षांची कार्डं आईच्या मांडीवर ठेवली. प्रत्येकावर 'अतुल' एवढंच होतं, पुढं एक अक्षर नाही. "पुढं काय लिवावं, सुचलंच न्हाय मला," ते आईला ऐकू येत नाही हे विसरून म्हणाले. मग बाईंकडं वळून त्यांनी नुसते हात जोडले. बाईंनी ते हात धरून खाली केले.

उन्हं कलली. दिवस मावळायच्या आत जेवायची त्या घराची रीत. दिव्यानं पेज आणली. लक्ष्मीबाईंनी वाटी हातात घेतली आणि थांबल्या.

"बाई, ती बोय नक्की काय खाती वो?"

बाईंनी पाटी घेतली. 'चिखल. शेवाळ. वाळू. कुणाची शिकार करत नाही.'

म्हातारीनं ते दोनदा वाचलं. "मग म्हणूनच तीच घेतली आसंल त्येनं," ती म्हणाली. सुरमई नको म्हणून हलवलेली मान बाईंना आठवली. मार्गदर्शक म्हणून ज्या विषयावर त्यांनी सही केली, तो निवडण्याचं कारण त्यांना आज, अतुलच्या आईकडून कळलं.

वाटी संपल्यावर लक्ष्मीबाईंनी भरमूला जवळ बोलावलं. "गावाला जा. म्हैनाभर ऱ्हा नदीवर. मी काय म्हणत न्हाय. पर कार्ड टाक. तुझ्या नावानं."

पंधरा दिवसांनी दिव्यानं बाईंना त्या कार्डाचा फोटो पाठवला. तेच अक्षर, मोठं आणि सुटं. शिक्का ह्या खेपेला लख्ख उमटला होता: गुंजी. फोटोखाली दिव्यानं लिहिलं होतं, की आजीनं कार्ड चार वेळा वाचलं आणि अतुलकाकाच्या कार्डांत, सगळ्यांत वर ठेवलं.

'आक्का, नदीला पाणी हाय. मरळ हायती, लई. गळ घरात सापडला, पर न्हेला न्हाय. नुसता बघत बसतो. तुमचा भरमू.'